मापटं, चिपटं आणि धाकट्या आत्ती: एका ललित लेखाचं प्रकरण

घरच्या जेवणावर लिहायला बसलेल्या माणसाच्या हातून पहिल्या पानावर जे उतरतं, ते बहुतेकदा त्याच्या घरचं नसतं. आईच्या हातची चव, मायेचा घास, चुलीवरचा खमंग वास, भरलेलं गोकुळ. ही वाक्यं कोल्हापूरच्या घराला लागू पडतात तशीच नागपूरच्या आणि पेणच्या घरालाही. लेखनगटात असे लेख माझ्यापुढे सतत येतात. त्यांतला एक लेख कसा बदलत गेला, कुठे अडला आणि घरातल्या दोन वयस्कर बायकांनी त्याला कसं वळण दिलं, हे सविस्तर नोंदवून ठेवावं असं वाटलं म्हणून हे लिहिते आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. घरच्या माणसांवर लिहिताना विशेषणं कमी करून मापं नेमकी लिहिली, तर लेख रुचकर होतो आणि त्यातल्या माणसांवर अन्यायही होत नाही. या दोन गोष्टी एकाच कष्टातून साधतात, हे मला या प्रकरणात स्पष्ट दिसलं.

लेखिका, त्यांच्या सासूबाई आणि चुलत सासूबाई, तिघींची संमती घेतली आहे. नावं आणि गल्ली गाळली आहे.

लेखिका आणि त्यांचा विषय

आमचा गट रविवारी सकाळी राजारामपुरीत एका सदस्याच्या घरी जमतो. मटणाची रांग आटोपून यायला लोकांना वेळ मिळावा म्हणून साडेदहाची वेळ ठेवली आहे. निवृत्त शिक्षक आहेत, बँकेत नोकरी केलेले आहेत, दोघी-तिघी गृहिणी आहेत. या प्रकरणातल्या लेखिका पन्नाशी ओलांडलेल्या, नदीच्या बाजूच्या एका पेठेत सासर असलेल्या. सासरे तीन भाऊ. नव्वदच्या दशकात वाटण्या झाल्या, एका वाड्यात तीन चुली झाल्या. पण वर्षाची चटणी मात्र एकत्रच होत राहिली. ती थोरल्या सूनबाईंच्या, म्हणजे लेखिकेच्या सासूबाईंच्या देखरेखीखाली व्हायची.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसूण घातलेला वर्षाचा तिखट मसाला. तांबड्या रश्शापासून रोजच्या आमटीपर्यंत सगळ्यात तोच पडतो. शिमगा झाला की मिरच्या घ्यायच्या, रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी. मग देठ काढायचे, गच्चीवर कडक ऊन द्यायचं. कांदा चिरून वाळवायचा आणि तळायचा, खोबरं किसून भाजायचं, धणे, तीळ, खसखस, दगडफूल, जायपत्री, नाकेशर, बाद्यान सगळं वेगवेगळं परतायचं. नंतर कांडपावर न्यायचं, लसूण-कोथिंबीर-मीठ घालून पुन्हा एकदा कांडायचं. शेवटी बरणीत दाबून भरायचं, वर हिंगाचा खडा ठेवायचा आणि तोंडाला फडक्याचा दादरा बांधायचा.

लेखिकेला याच्यावर लिहायचं होतं. विषय उत्तम होता, आणि तांबडा-पांढरा रस्सा सोडून त्यांनी चटणी निवडली याचा मला विशेष आनंद झाला. कोल्हापूरवर लिहिणारे बरेचजण पाहुण्याच्या ताटापासून सुरुवात करतात, आणि पाहुण्याला दिसतं तेवढंच लिहून थांबतात. चटणी पाहुण्याला दिसत नाही. ती फडताळात असते.

पहिला खर्डा

पहिला खर्डा दोन पानांचा होता आणि वळणदार होता. लेखिका शाळेत लघुनिबंध मन लावून वाचलेल्या पिढीतल्या. मराठीत लघुनिबंध रुजवणारे ना. सी. फडके याच गावात राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक होते, वि. स. खांडेकर शिरोडं सोडून १९३८ साली कोल्हापुरात आले ते इथलेच झाले. त्या लेखनाचा संस्कार या गावातल्या वाचणाऱ्या घरांवर खोल आहे, आणि तो मला मोलाचा वाटतो. पण त्यातून एक सवयही आली आहे. साध्या वस्तूपासून निघायचं, हळूहळू वर चढायचं आणि शेवटच्या परिच्छेदात आयुष्याबद्दल काहीतरी सांगायचं. लेखिकेची चटणीसुद्धा दुसऱ्या पानाच्या तळाशी 'संसाराचा तिखटपणा' झाली होती.

खर्ड्यातली तीन वाक्यं इथे द्यायला हवीत, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरून घडलं (आत्ती म्हणजे सासूबाई):

'आत्तींच्या हाताला जणू प्रमाण ठाऊक होतं. मोजमाप त्यांना कधी लागलंच नाही. मनात माया असली की चव आपोआप उतरते.'

वाचन झालं तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली ती याच ठिकाणी.

मी अशा वेळी लेखावर टीका करत नाही, चार प्रश्न देते. त्या दिवशी घरात सगळ्यांत आधी कोण उठलं? पैसे कुणी दिले? शेवटी कोण जेवलं? उरलेलं कुणाकडे गेलं? जेवणावरच्या कुठल्याही लेखाला हे प्रश्न विचारून पाहावेत. पोह्यांना विचारता येतात, श्राद्धाच्या स्वयंपाकाला विचारता येतात, शाळेच्या डब्यालाही. चवीबद्दल सगळेच बोलतात. पण उठणं, पैसे, पंगत आणि उरलेलं यांत घराची रचना असते, आणि ती प्रत्येक घराची वेगळी असते.

लेखिकेला पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देता आलं. तिसऱ्याचंही. दुसऱ्यावर त्या थांबल्या. इतकी वर्षं त्या घरात देठ काढून हातांची आग सोसलेल्या बाईला, चटणीचे पैसे कोण देतं हे माहीत नव्हतं. 'आत्तीच देत असतील,' त्या म्हणाल्या. चौथ्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं नाही.

दुसरा खर्डा: पूर

पुढच्या खेपेला त्या उत्तराऐवजी महापूर घेऊन आल्या.

ऑगस्ट २०१९. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट असते. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि शहराची कोंडी झाली. लेखिकेच्या घरात पाणी दारातून येण्याआधी मोरीतून उलटं वर आलं. गॅसची टाकी माळ्यावर चढवली, कागदपत्रं पिशवीत घेतली, सासूबाईंना हाताला धरून उंचावरच्या वस्तीतल्या नातेवाइकांकडे नेलं. परतल्यावर कोठीघरात चटणीची बरणी जागच्या जागी उभी होती, दादरा बांधलेला होता, आणि आत गाळ होता.

हे चांगलं उतरलं होतं. वाचताना एका सदस्याच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांच्याही घरात तेव्हा पाणी शिरलं होतं. बहुतेकांचं मत पडलं की लेख सापडला, आता फक्त घासून-पुसून घ्यायचा.

मला तसं वाटलं नाही. पूर हा मोठा विषय आहे आणि तो शेजारी बसलेल्या लहान विषयाला गिळतो. त्या खर्ड्यात पहिली तीन पानं नदीची होती आणि चटणी शेवटी वाहून जाण्यापुरती आली होती. शिवाय फुटांचे आकडे वर्तमानपत्रातले होते. त्या घराचा स्वतःचा आकडा एकच होता, तिसरी पायरी. पाणी माळ्याच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीला लागलं होतं. तो आकडा एका वाक्यात ओझरता आला होता.

पण खरी गोष्ट दुसऱ्याच एका वाक्यात होती. 'धाकट्या आत्तींनी चटणी पाठवली, तेव्हा आत्ती काही बोलल्या नाहीत.' एवढंच. धाकट्या आत्ती म्हणजे धाकट्या भावाच्या पत्नी, लेखिकेच्या चुलत सासूबाई. मी त्या वाक्याखाली रेघ ओढली. चटणी एकत्र होत असेल तर धाकट्या आत्तींकडे पाठवायला वेगळी चटणी आली कुठून? आणि सासूबाई गप्प का?

लेखिकेने मग सांगितलं. त्याच वर्षी मार्चमध्ये चटणी वेगळी झाली होती. चूल वेगळी होऊन पंचवीसेक वर्षं गेल्यावर.

यावर गटात बराच वाद झाला. निवृत्त शिक्षक असलेल्या एका सदस्याचं म्हणणं, घरातली गोष्ट घरात राहावी. चुलत सासू हयात आहेत, उद्या लग्नकार्यात समोरासमोर यायचं आहे. दुसऱ्या एकीचं म्हणणं, हे गाळलं तर लेख खोटा होईल. दोघांचंही मला अर्धं पटलं. भांडण लिहावं की लिहू नये, या प्रश्नाला एकदाच ठरवून ठेवता येईल असं उत्तर नाही. ते वाक्य लेखात काय काम करतं आणि त्याचा भार कुणाच्या खांद्यावर पडतो, हे पाहून ठरवावं लागतं. आणि ते पाहायला आधी वाक्य लिहावं लागतं.

तिसरा खर्डा आणि सासूबाईंची हरकत

लेखिकेने भांडण लिहिलं. सासूबाईंच्या बाजूने लिहिलं, ते साहजिक होतं. धाकट्या आत्ती 'हिशेबी स्वभावाच्या', त्यांची 'कुरबूर', आणि 'थोरल्यांचा मान न ठेवण्याची नव्या काळाची रीत'. एवढ्या तीन फटकाऱ्यांत एक हयात बाई आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली, आणि तिने नक्की काय केलं हे वाचकाला शेवटपर्यंत कळलं नाही.

आमच्या गटाचा एक नेम आहे. हयात माणसावर लिहिलेलं त्या माणसाला आधी वाचून दाखवायचं. संमती हे त्याचं एक कारण. दुसरं कारण माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचं आहे: त्या माणसाकडे माहिती असते. लेखिकेने आधी घरातच, सासूबाईंना वाचून दाखवायचं ठरवलं. त्यांना भीती होती ती भांडणाच्या भागाची.

सासूबाईंनी भांडणाचा भाग शांतपणे ऐकला. त्यांनी थांबवलं ते आधीच, पहिल्या खर्ड्यातून जसंच्या तसं आलेल्या त्या तीन वाक्यांशी. लेखिकेने मला सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत देते:

'मोजमाप लागलं न्हाई म्हंजे? अंदाजानं करत हुतो व्हय मी? तीन घरांची चटणी अंदाजानं कोण वाटंल गं? मापून दिलो मी. शेवटच्या चिपट्यापतोर मापून दिलो. आन तू लिवतीस माया हुती म्हणून चव आली.'

मग त्यांनी फडताळातून पितळी मापटं काढून समोर ठेवलं. मापटं म्हणजे अर्ध्या शेराचं माप, चिपटं त्याच्या निम्मं. दशमान वजन-मापांचा कायदा १९५६ साली झाला, बाजारातून शेर-पायली हळूहळू गेली, पण अनेक घरांतल्या कोठीघरात मापटं-चिपटं अजून आहे. या घरात ते चटणीसाठी राखून ठेवलेलं होतं.

ज्या वाक्यावर आम्ही सगळ्यांनी मान डोलावली, त्या वाक्याने त्या बाईंचा अपमान झाला होता, ही गोष्ट या प्रकरणात मला सर्वांत मोलाची वाटते. 'हाताला प्रमाण ठाऊक' असं म्हणताना आपण कौतुक करतो आहोत असं लिहिणाऱ्याला वाटतं. पण त्यामुळे मोजण्याची, आठवण ठेवण्याची, समान वागवण्याची सगळी मेहनत पुसली जाते आणि त्या जागी माया येते. मायेला हिशेब नसतो, म्हणून तिचं श्रेयही कुणाला द्यावं लागत नाही. पुरुषाने गुऱ्हाळावर काकवीची गोळीबंद अवस्था बरोबर ओळखली तर आपण त्याला जाणकार गुळव्या म्हणतो. तेवढंच जाणकारीचं काम घरात बाईने केलं की ते माया होतं. जेवणावरच्या मराठी ललित लेखनातली ही खोट मला फार खटकते, आणि ती दुरुस्त करणं कठीण नाही. मापटं टेबलावर ठेवायचं.

मापं काय सांगतात

सासूबाईंनी सगळं सांगितलं. दरवर्षी तीन पायली चटणी व्हायची, म्हणजे बारा शेर, म्हणजे चोवीस मापटी. वाटणी खाणाऱ्या तोंडांवर. थोरल्या घरात माणसं जास्त, शिवाय पै-पाहुणा तिथेच जेवणार. आषाढात गल्लीची त्र्यंबोली यात्रा असते. पंचगंगेचं नवं पाणी कलशांतून टेंबलाईच्या टेकडीवर नेतात, पी-ढबाक वाजत असतं, आणि त्या दिवशी घरोघरी मटणाची पातेली चढतात. या तिन्ही भावांचे पाहुणे थोरल्याच्याच पंगतीला बसायचे. म्हणून थोरल्या घराला बारा मापटी, मधल्याला आठ, आणि धाकट्याच्या घरात तिघंच म्हणून चार. प्रत्येक मापटं शिगेचं, सपाट नाही. तिघींच्या देखत.

आणि पैसे? लेखिकेने आमचा दुसरा प्रश्न तिथे विचारला. पैसे तीन घरांनी सारखे द्यायचे.

ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की भांडण आपोआप समोर येतं. धाकट्या घराने आठ मापट्यांचे पैसे द्यायचे आणि चार घ्यायची. वर्षानुवर्षं. ते कुणीच बोललं नाही. मग धाकट्या घरचा मुलगा कमावता झाला, खर्च त्याच्या हातात आला, आणि त्याने एका मार्चमध्ये साधा प्रश्न विचारला. पुढच्या वर्षी धाकट्या आत्तींनी मिरच्या वेगळ्या घेतल्या.

सासूबाईंच्या मनाला जे लागलं तेही आता कळतं. त्यांनी आयुष्यभर शीग लावून मापलं. त्यांच्या दृष्टीने प्रश्न पैशाचा नव्हता, त्यांच्या मापावर संशय आला होता. मुलाने मापावर संशय घेतलाच नव्हता, त्याने वर्गणीबद्दल विचारलं होतं. दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते.

आता 'हिशेबी स्वभावाच्या' हे विशेषण लेखात कुठे बसवायचं? ते बसत नाही. हिशेबी तर सगळेच होते, आणि हिशेबी असणं हीच त्या घराची नीती होती. लेखिकेने तिन्ही फटकारे स्वतःहून काढले. मला सांगावं लागलं नाही.

कळंब्याला

धाकट्या आत्ती आता कळंब्याकडे मुलाच्या घरी राहतात. लेखिका खर्डा घेऊन गेल्या. हा भाग मी थोडक्यात सांगते, कारण त्यातलं बरंचसं त्या दोघींमधलं आहे.

तीन गोष्टी नव्या कळल्या. पहिली म्हणजे धाकट्या आत्ती इतकी वर्षं का बोलल्या नाहीत. त्यांच्या यजमानांच्या शिक्षणाचे पैसे थोरल्या दिरांनी भरले होते. 'त्येनी फी भरली, मी चटणी भरलो,' असं त्या म्हणाल्या. सासूबाईंनी ही गोष्ट सांगितली नव्हती. उपकार बोलून दाखवायचे नाहीत म्हणून सांगितली नसावी, असा लेखिकेचा अंदाज आहे.

दुसरी म्हणजे, ज्या चटणीला सगळे 'आत्तींची चटणी' म्हणत, तिचं प्रमाण धाकट्या आत्तींच्या आईचं होतं, गडहिंग्लजकडचं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ते या घरात आलं आणि थोरल्या चुलीवर गेलं. सासूबाईंना विचारलं तर त्या लगेच हो म्हणाल्या. त्यांनी ते कधी लपवलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं.

तिसरी गोष्ट पुराच्या वेळची. बरणी गेल्यावर धाकट्या आत्तींनी किती चटणी पाठवली? चार मापटी. शीग लावून.

भांडण छापायला त्यांची हरकत नव्हती. 'भांडण लिव की. घरोघरी असतंय. प्रमाण तेवढं लिवू नगंस, ते माझ्या आईचं हाय.' म्हणून लेखिकेच्या लेखात प्रमाण नाही, आणि वर मी जिन्नस सांगितले पण किलोला किती ते सांगितलं नाही, त्याचंही कारण तेच.

लेखाची बांधणी

आता हातात इतका ऐवज होता की लेख कादंबरी होऊ पाहत होता. इथे काय ठेवलं आणि काय काढलं, ते सांगण्यासारखं आहे.

चार मापट्यांवर सगळ्यांत जास्त चर्चा झाली. जेवढा वाटा मिळायचा तेवढाच पुरात परत आला. ही गोष्ट खरी आहे आणि म्हणूनच धोक्याची आहे. शेवटी ठेवली तर लेखकाने जुळवून आणल्यासारखी वाटेल, आणि वाचकाला वाटेल की आपल्याकडून टाळी मागितली जाते आहे. मी सुचवलं की ती लेखाच्या मध्यावर, साध्या वाक्यात, कसलीही टिप्पणी न करता यावी, आणि वाट्याचे आकडे त्याच्या बरेच आधी येऊन गेलेले असावेत. ज्याला आठवेल त्याला आठवेल. लेखिकेने तसंच केलं. एका सदस्याच्या ते दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, आणि त्यांनी पानावर बोट ठेवून पुन्हा मागे जाऊन आकडे पाहिले. जुळणाऱ्या घटनांचं ललित लेखात एवढंच करावं असं मला वाटतं.

पूर आठ ओळींचा झाला. फुटांचे आकडे गेले, तिसरी पायरी राहिली, मोरी राहिली, दादरा राहिला.

फीचं वाक्य राहिलं, पण त्याच्या आधी-नंतरचं स्पष्टीकरण गेलं. 'संसाराचा तिखटपणा' अर्थातच गेला.

चवीबद्दल पूर्ण लेखात एकच जागा उरली. कांडपावरून आलेली ताजी चटणी, कच्चं तेल, गरम भाकरी, आणि ते खाताना कपाळावर आलेला घाम. ती जागा पैशाच्या परिच्छेदानंतर लगेच येते. तिथे पोहोचेपर्यंत ही चटणी कुणी निवडली, कुणी तिचे पैसे जास्त दिले आणि कुणी मापली, हे वाचकाला माहीत असतं. त्या एका ओळीने तोंडाला पाणी सुटतं. पहिल्या खर्ड्यात चवीवर अर्धं पान होतं आणि काहीच सुटत नव्हतं.

शीर्षक 'आत्तींची चटणी' होतं. ते बदलणं भाग होतं. आता 'चोवीस मापटी' आहे.

संवादांच्या भाषेचा प्रश्न राहिला होता. पहिल्या खर्ड्यात सासूबाई 'मी सांगते', 'मी केलं' असं बोलत होत्या. पण त्या तसं बोलत नाहीत. या भागातल्या अनेक बायका 'मी सांगतो', 'मी गेलो' असंच म्हणतात, आणि सासूबाई 'मापून दिलो' म्हणतात. शिक्षक सदस्यांना शंका होती की पुण्या-मुंबईच्या वाचकाला ही छपाईची चूक वाटेल. तळटीप द्यावी का, असंही कुणी सुचवलं. मी तळटिपेच्या विरुद्ध होते. आपल्या सासूच्या बोलण्याला तळटीप लावणं म्हणजे तिला अनोळखी लोकांपुढे उभं करून समजावून सांगणं. त्याऐवजी लेखात सासूबाई पहिल्यांदा तोंड उघडतात तिथे सलग चार वाक्यं त्यांची ठेवली. चार वाक्यांत कानाला सवय होते. पुढे कुणाला अडखळायला होत नाही. गटाबाहेरच्या दोघांना वाचायला देऊन आम्ही हे तपासलं, दोघंही कोकणातले होते.

एक गोष्ट आम्ही मोकळीच ठेवली. मधल्या घराचं काय? आठ मापट्यांचे पैसे देऊन आठ मापटी घेणारं ते घर या सगळ्या प्रकरणात कुठेच बोलत नाही. मधल्या आत्ती आता हयात नाहीत, मुलं पुण्याला असतात. लेखिकेने त्यांच्याबद्दल अंदाजाने काही लिहायचं टाळलं. लेखात त्या एकदाच येतात, तिघींमध्ये मध्यभागी बसून बरणीचं तोंड धरणाऱ्या. मला ही पोकळी लेखात असावी असंच वाटतं. ज्यांच्याशी हिशेब बरोबर जुळतो त्यांची आठवण घरात कमी निघते, हे वाचकाच्या मनात आलं तर येईल.

छपाई

लेख दिवाळी अंकासाठी पाठवला. एका अंकाने तो स्वीकारला, पण लेखाच्या शेवटी 'कोल्हापुरी चटणी: साहित्य व कृती' अशी चौकट हवी, असं कळवलं. जेवणावरचा लेख म्हटलं की पाककृती हवीच, असा त्यांचा शिरस्ता होता. लेखिकेने नकार दिला. बाजारात मिळणारं एखादं सर्वसाधारण प्रमाण देऊन वेळ मारून नेता आली असती, आणि गटातल्या काहींनी तसं सुचवलंही. पण 'मापून दिलो' म्हणणाऱ्या बाईवरच्या लेखाखाली उसनं माप छापायला लेखिका तयार नव्हत्या. मला त्यांचा निर्णय पूर्ण पटला. त्या वर्षी लेख छापला गेला नाही.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका अंकाने घेतला. तिथेही मांडणीत त्या पानावर चौकटीची जागा ठरलेली होती, ती रिकामी ठेवता येत नव्हती. लेखिकेने दोन्ही आत्तींना फोन करून विचारलं आणि चौकटीत कोष्टक दिलं: दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली, दोन अधोल्यांची एक पायली. अंकाच्या तीन प्रती आल्या. एक कळंब्याला गेली.